हिरव्या रंगाखालची घरं

नव्वदच्या दशकात सहा वर्षं मी एका नगरपालिकेच्या नगररचना विभागात ट्रेसर होतो. ट्रेसर म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. मूळ नकाशावर ट्रेसिंगचा कागद पसरायचा, शाईच्या पेनानं रेघ न् रेघ उतरवून घ्यायची, अमोनियाच्या मशीनमधून प्रती काढायच्या आणि त्या प्रतींवर विकास आराखड्याचे रंग भरायचे. बाग आणि खेळाचं मैदान यांना हिरवा रंग. अमोनियाच्या वासानं डोळे चुरचुरायचे, पण हिरवा भरताना मला बरं वाटायचं. आपल्या हातून गावाला बाग मिळते आहे, अशी काहीतरी भाबडी समजूत होती.

एकदा अशाच एका भूखंडावर रंग भरत होतो. तो भूखंड माझ्या रोजच्या सायकलच्या वाटेवरचा. तिथं पंधरा-वीस घरं होती, पिठाची गिरणी होती, म्हसोबाचं ठाणं होतं. नकाशावर यातलं काहीच नव्हतं. मी वरिष्ठ सर्व्हेअरांना म्हटलं, "साहेब, इथं घरं आहेत. दाखवायची राहिलीत." ते मान वर न करता म्हणाले, "नकाशा जुना आहे. तू रंग भर." मी भरला.

बाग झाली नाही. आपल्याकडच्या १९६६च्या नगररचना कायद्यात कलम १२७ आहे. आराखडा अंतिम झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित केली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि ठरावीक मुदतीत हालचाल झाली नाही, तर आरक्षण संपतं. आमच्या भूखंडाचं तेच झालं. पण घरं त्याआधीच गेली होती. बागेच्या जागेवरचं अतिक्रमण म्हणून. आज तिथं सात मजली इमारत आहे. बागही नाही, घरंही नाहीत.

पुढे नोकरी सुटली. मी प्लॅन प्रिंटिंग आणि झेरॉक्सचं दुकान टाकलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की जुने नकाशे पाहायचे, हा नाद मात्र राहिला. शहरातली बाग कोण ठरवतं, तिच्यावर देखरेख कोण ठेवतं आणि कोणाच्या वतीनं, हा प्रश्न डोक्यात होताच. त्याचा माग काढत मी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कपाशी पोचलो. कारण साधं आहे. या बागेसाठी नेमलेल्या मंडळानं आपले वार्षिक अहवाल छापले, असे तेरा अहवाल निघाले आणि ते आज कोणालाही वाचता येतात. शेजारी इंग्रजी शब्दकोश ठेवून मी ते वाचत गेलो.

*

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला न्यूयॉर्क हे मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाला दाटलेलं बंदराचं गाव होतं. १८११च्या आराखड्यानं सगळ्या बेटावर काटकोनात रस्ते आखून ठेवले होते, पण त्यात मोठ्या बागेला जागाच ठेवली नव्हती. १८४४ साली कवी आणि संपादक विल्यम कलन ब्रायंट यांनी आपल्या वृत्तपत्रातून बागेची मागणी केली. १८५१ साली महापौरांनी ती उचलून धरली. २१ जुलै १८५३ रोजी राज्य विधिमंडळानं बेटाच्या मध्यावरची साडेसातशेहून अधिक एकर जमीन बागेसाठी घेण्याचा कायदा केला. पुढे उत्तरेकडे वाढ होऊन ती ८४३ एकर झाली.

जमिनीला पन्नास लाख डॉलरांहून अधिक खर्च आला. त्यातला सुमारे एक तृतीयांश भाग आसपासच्या जमीनमालकांकडून वसूल केला गेला. बाग झाल्यावर तुमच्या जमिनीचे भाव वाढणार, तेव्हा आधी पैसे मोजा, असा तो हिशेब. आपल्याकडे सुधारणा आकार म्हणतात, तशातला प्रकार. नगररचनेत काम केलेल्या माणसाला यात सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याचं, की जमीन घ्यायचं ठरलं आणि तीन-चार वर्षांत पैसे देऊन ती खरोखर घेतली.

जमीन आली, आता बाग कोणी करायची? इथं राजकारण आलं. महापौर फर्नांडो वुड डेमोक्रॅट, तर राजधानी ऑल्बनीतलं विधिमंडळ रिपब्लिकनांच्या हाती. वुड यांनी १८५६ साली बागेचा कारभार स्वतःकडे घेतला आणि सल्ल्यासाठी एक मंडळ नेमून त्याच्या अध्यक्षपदी वयोवृद्ध लेखक वॉशिंग्टन आयर्व्हिंग यांना बसवलं. पण बाग म्हणजे हजारो मजुरांचं काम, आणि काम म्हणजे मतं. १८५७च्या वसंतात विधिमंडळानं कायदा करून बाग महापौरांच्या हातून काढून घेतली आणि अकरा सदस्यांचं स्वतंत्र मंडळ नेमलं. त्याच सुमारास शहराचं पोलीस दलही असंच काढून घेतलं. वुड यांनी आपलं जुनं दल बरखास्त करायला नकार दिला आणि जूनमध्ये सिटी हॉलच्या पायऱ्यांवर दोन पोलीस दलांची आपसांत मारामारी झाली. शहरी बागांच्या इतिहासातलं हे अत्यंत नावाजलेलं मंडळ अशा धुमश्चक्रीत जन्माला आलं. तत्त्व फार उदात्त नव्हतं. मतदारांनी निवडलेल्या माणसावर विश्वास नाही, म्हणून निवडून न आलेल्या सभ्य गृहस्थांकडे किल्ल्या दिल्या, इतकंच.

पण गंमत अशी, की या मंडळानं काम चोख केलं. सप्टेंबरात त्यांनी फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड या पस्तिशीच्या माणसाला अधीक्षक नेमलं. दिवाळी अंकाच्या वाचकांना हे ऐकून मौज वाटेल, की हा गृहस्थ त्या वेळी बुडालेल्या नियतकालिकाचा भागीदार होता. त्याची प्रकाशनसंस्था आदल्याच महिन्यात दिवाळखोरीत निघाली होती. त्याची शिफारस करणाऱ्यांत आयर्व्हिंग होते. ओल्मस्टेडनं इंग्लंडमधलं बर्कनहेडचं सार्वजनिक उद्यान पाहून त्यावर लिहिलं होतं, आणि दक्षिणेतल्या गुलामगिरीच्या प्रदेशांत हिंडून तिथल्या अर्थव्यवस्थेवर टीका करणारी वार्तापत्रं पाठवली होती. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवावी.

मंडळानं आराखड्यासाठी खुली स्पर्धा जाहीर केली. अटी स्पष्ट होत्या : बेटाच्या पूर्व-पश्चिम बाजू जोडणारे चार रस्ते हवेत, कवायतीचं मैदान हवं, खेळाची तीन मैदानं हवीत, हिवाळ्यात बर्फावर घसरायला तळं हवं आणि सगळं पंधरा लाख डॉलरांत बसवायला हवं. तेहतीस आराखडे आले. एप्रिल १८५८मध्ये पहिलं बक्षीस ओल्मस्टेड आणि वास्तुविशारद कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांच्या आराखड्याला मिळालं. त्यांनी चारही आडवे रस्ते बागेच्या पातळीखाली खोदून नेले, म्हणजे शहराच्या गाड्या जात राहतात आणि बागेतल्या माणसाला त्या दिसत नाहीत. मी स्वतः नकाशे उतरवले असल्यामुळे सांगतो, ही कल्पना कागदावर क्षुल्लक दिसते. दोन समांतर रेघांच्या कडेला उताराच्या छोट्या छोट्या रेघा, एवढंच. पण मोटारींच्या युगातही ती बाग बाग राहिली, याला त्या रेघा मोठ्या प्रमाणात कारण आहेत.

१८५७च्या मंदीत बेकार झालेल्यांना इथं रोजगार मिळाला. कामाच्या ऐन भरात साडेतीन हजारांवर माणसं खपत होती. पैशांवर पहारा होता तो मंडळाचे सदस्य अँड्र्यू हॅसवेल ग्रीन यांचा. त्यांच्या सहीशिवाय बिल पास होत नसे. ओल्मस्टेड त्यांच्या काटकसरीला इतका वैतागला, की त्यानं अनेकदा राजीनामे धाडले. मला मात्र ग्रीन यांच्याबद्दल आदर वाटतो. अहवालांतून ते एक आकडा वर्षानुवर्षं मांडत राहिले : बागेभोवतीच्या तीन वॉर्डांतल्या मालमत्तेचं कर-मूल्य. १८५६ साली ते सुमारे २ कोटी ६४ लाख डॉलर होतं. १८७३पर्यंत ते जवळजवळ नऊपट झालं. बाग म्हणजे चैन नव्हे, शहराच्या तिजोरीतली गुंतवणूक आहे, हे त्यांना नगरशेठांना पटवायचं होतं.

*

आता त्या जमिनीकडे परत जाऊ. ब्याऐंशी ते एकोणनव्वद क्रमांकाच्या रस्त्यांच्या दरम्यान, बागेच्या पश्चिम कडेला, सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. १८२५ साली अँड्र्यू विल्यम्स नावाच्या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणानं तिथं १२५ डॉलरला तीन भूखंड घेतले. तो बूटपॉलिशवाला होता. पाठोपाठ आफ्रिकी मेथडिस्ट चर्चच्या मंडळींनी घेतले. हळूहळू घरं झाली, तीन चर्च झाली, शाळा झाली, दफनभूमी झाली. पुढे आयरिश कुटुंबंही राहायला आली. १८५५च्या जनगणनेत इथं सव्वादोनशेच्या आसपास माणसं होती, त्यांतली दोन तृतीयांश कृष्णवर्णीय.

या वस्तीत जमिनीच्या मालकीला डोक्यावरच्या छपराहून मोठा अर्थ होता. न्यूयॉर्क राज्याच्या १८२१च्या घटनेनुसार कृष्णवर्णीय पुरुषाला मत द्यायचं असेल, तर २५० डॉलरची मालमत्ता असणं सक्तीचं होतं. गोऱ्यांना ही अट उरली नव्हती. शहरातल्या हजारो कृष्णवर्णीयांपैकी १८४५ साली जेमतेम शंभर जणांना मत होतं, आणि त्यांतले दहा या एवढ्याशा वस्तीत राहत होते. भूखंड गेला की घर जाणार होतं आणि मतही जाणार होतं.

ऑगस्ट १८५३मध्ये तिथल्या एका चर्चच्या नव्या इमारतीची कोनशिला बसली. कोनशिलेत एक पेटी ठेवली होती, तिच्यात बायबल आणि त्या काळची वृत्तपत्रं. बागेचा कायदा होऊन तेव्हा पंधराच दिवस झाले होते. लोकांनी ते ऐकलं नसेल, की ऐकूनही आपल्याला लागू होईल असं वाटलं नसेल?

वृत्तपत्रांनी या माणसांना जागा बळकावून बसलेले झोपडीवाले ठरवलं. पुढे शंभरेक वर्षं बागेचे इतिहास 'इथं आधी दलदल आणि उकिरडे होते' असंच सांगत राहिले. पण जमीन घेण्यासाठी गार्डनर सेज या सर्व्हेअरनं १८५६ साली तयार केलेला नकाशा आहे. त्यात भूखंड आहेत, त्यांवरची बांधकामं आहेत, मालकांची नावं आहेत. मी तो स्क्रीनवर मोठा करून पाहिला, तेव्हा दुकानातलं मशीन बंद करून बसलो. आमच्या नकाशात घरं नव्हती, म्हणून ती दिसली नाहीत, अशी मी माझी समजूत घातली होती. सेजच्या नकाशात घरं होती. तरीही ती कोणाला दिसली नाहीत.

विल्यम्सनं ३,५०० डॉलर मागितले, त्याला २,३३५ मिळाले. १८५७च्या शरदात वस्ती रिकामी झाली. सगळ्या बागेसाठी मिळून सुमारे सोळाशे माणसं हलवली गेली. गुलामगिरीवर टीका करणारी वार्तापत्रं लिहिणारा ओल्मस्टेड त्याच सप्टेंबरात कामावर रुजू झाला होता. जमीन घ्यायचा निर्णय त्याचा नव्हता आणि त्याच्या मंडळाचाही नव्हता. त्यांच्या हाती साफ होत आलेली जमीन पडली. मोठ्या कामांत असंच असतं. ठरवणारा एक, नकाशा काढणारा दुसरा, रंग भरणारा तिसरा.

*

बाग उघडल्यावर मंडळाचं दुसरं काम सुरू झालं, ते म्हणजे देखरेख. अहवालांत पायी येणारे किती, घोड्यावरून किती, गाड्यांतून किती, हे फाटकांवर मोजून नोंदलेलं आहे. या नोंदींवरूनच पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं, की पहिल्या दशकात निम्म्याहून अधिक लोक बग्ग्यांतून येत. शहरात बग्गी परवडणारे तेव्हा शेकडा पाचही नव्हते. मजुरांची वस्ती बेटाच्या दक्षिणेला कित्येक मैल दूर, आणि ट्रामचं जायचं-यायचं भाडं कुटुंबाला न परवडणारं.

नियमही तसेच. ठरावीक ठिकाणं सोडली तर गवतावर पाय ठेवायचा नाही. मालाच्या गाड्या आत आणायच्या नाहीत. बँडचं वादन शनिवारी. कामगाराची सुट्टी रविवारी. रविवारचं वादन सुरू व्हायला पुढे बरीच वर्षं खटपट करावी लागली. मुलांना चेंडूफळी खेळायची असेल, तर शाळेतली हजेरी आणि वर्तन चांगलं असल्याचा शिक्षकांचा दाखला आणावा लागे. शाळा सोडून कामाला लागलेल्या पोरानं दाखला कुठून आणायचा?

मंडळातली माणसं दुष्ट नव्हती. त्यांना बाग म्हणजे एक चित्र वाटत होतं, आणि चित्रात माणसानं शांतपणे चालावं, अशी त्यांची अपेक्षा होती. लोकांना मात्र बाग म्हणजे अंगण वाटत होतं. निवडणुकीपासून सुरक्षित ठेवलेल्या मंडळाला पन्नास वर्षांपुढचं पाहता आलं, हे खरंच. पण समोर उभ्या असलेल्या माणसाचं ऐकून घेण्याची सक्तीही त्याच्यावर नव्हती.

*

पुढची कथा थोडक्यात सांगतो.

१८७० साली बॉस ट्वीडच्या टोळीनं नवी सनद करून घेतली, स्वतंत्र मंडळ मोडलं आणि बाग पीटर स्वीनी यांच्या हाताखालच्या शहर खात्याकडे आणली. नोकऱ्यांची खिरापत झाली, झाडंझुडपं वाटेल तशी छाटली गेली. पण बागेतल्या प्राण्यांसाठी पहिली कायमची घरंही याच काळात उभी राहिली, आणि ती पाहायला गोरगरिबांची रीघ लागली. दीड वर्षात टोळी कोसळली. शहराची लुटलेली तिजोरी सावरायला कोणाला बोलावलं? अँड्र्यू ग्रीन यांना.

१९३४ साली महापौर ला गार्डिया यांनी शहराच्या पाचही विभागांचे बाग-कमिशनर मोडीत काढून एकाच माणसाच्या हाती सगळं दिलं. तो रॉबर्ट मोझेस. सरकारी रोजगार योजनेच्या पैशांतून त्यानं १९३६च्या एका उन्हाळ्यात अकरा मोठे पोहण्याचे तलाव खुले केले. खेळाची मैदानं शेकड्यांनी बांधली. ओल्मस्टेडच्या चित्रात अंगण आणलं ते त्यानं. पण रॉबर्ट कॅरो यांनी १९७४च्या चरित्रात नोंदवलं आहे, की तिसाच्या दशकातल्या २५५ मैदानांपैकी कृष्णवर्णीयांच्या हार्लेममध्ये एकच होतं. आणि १९५६ साली सेंट्रल पार्कातल्या एका हॉटेलच्या पार्किंगसाठी झाडं पाडायला त्यानं बुलडोझर आणला, तेव्हा मुलांच्या बाबागाड्या घेऊन आडव्या आल्या त्या आजूबाजूच्या आया. न्यायालयानं काम थांबवलं. मोझेसला माघार घेऊन तिथं मुलांसाठी मैदान करावं लागलं.

सत्तरच्या दशकात शहर कंगाल झालं आणि बाग उजाड. १९८० साली देणग्यांवर चालणारी सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी स्थापन झाली. तिनं बाग पुन्हा उभी केली, आणि आज खर्चाचा मोठा वाटा तीच उचलते. पण बागेशेजारी श्रीमंत राहतात तिथंच अशा देणग्या मिळतात, हा आक्षेप तेव्हापासून आहे.

म्हणजे सभ्य गृहस्थांचं मंडळ, पक्षाचं खातं, एकटा कर्तबगार माणूस आणि देणगीदारांची संस्था, असे चार कारभार झाले. प्रत्येकानं आधीच्याचा दोष काढला आणि स्वतःचा नवा घातला. मुंबईत हा प्रवास उलट्या दिशेनं झालेला दिसतो. १८६२ साली उघडलेली राणीची बाग आधी एका कृषी-उद्यान संस्थेची होती, ती १८७३ साली महापालिकेकडे आली. पुढे महापालिकेनं बागा आणि बाजार एकाच समितीच्या पदरात टाकले. भाजीचे गाळे आणि मुलांचे झोपाळे यांची चर्चा एकाच टेबलावर.

*

मग बागेचा चांगला कारभार कोणता? मी सुरुवातीला असं उत्तर शोधत होतो, की अमुक तऱ्हेचं मंडळ नेमलं की झालं. आता तसं वाटत नाही. मला दिसतं ते एवढंच, की सगळ्या कारभारांत टिकली ती दप्तरं. जमीन कोणाची होती, किती पैसे दिले, फाटकातून कोण आत आलं, कोणाला काय मनाई होती, हे त्या मंडळानं लिहिलं आणि छापलं. स्वतःची बाजू मांडायला लिहिलं असेल, पण लिहिलं. म्हणून १९९२ साली रॉय रोझेनझ्वाइग आणि एलिझाबेथ ब्लॅकमार या इतिहासकारांना त्याच कागदांवरून सेनेका व्हिलेजची माणसं पुन्हा उभी करता आली. २००१ साली तिथं माहितीचा फलक लागला. २०११ साली पुरातत्त्वज्ञांनी गवताखाली खणलं. चहाची लोखंडी किटली निघाली, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे निघाले, एका लहान पायातला बूट निघाला. सेजच्या नकाशावर चौकोन होता, म्हणून खणणाऱ्यांना जागा कळली.

आमच्या भूखंडाचं काय? उद्या कोणी सात मजली इमारतीखाली खणायचं म्हटलं, तर कुठल्या नकाशावरून खणणार? अधिकृत नकाशात तिथं आधी मोकळी जमीन होती, मग हिरवा रंग होता, मग इमारत. मधली माणसं कुठंच नाहीत. न्यूयॉर्कमध्ये अन्याय झाला, पण त्याची पावती उरली. आमच्याकडे पावतीच फाडली नाही. आणि ती न फाडणाऱ्यांत एक हात माझा होता. माझं वय तेव्हा पंचवीस, नोकरी कच्ची, हे सगळं खरं आहे. पण पेन्सिलीनं एक तुटक रेघ मारायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

गेल्या पावसाळ्यात मी दुकानातला उरलेला ट्रेसिंगचा कागद काढला आणि आठवेल तसा तो भूखंड उतरवला. तिथं राहिलेल्या, आता शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलेल्या एका आजींना दाखवला. त्यांनी म्हसोबाची जागा बरोबर आहे म्हणून सांगितलं, विहीर राहिली होती ती बोटानं दाखवली आणि विचारलं, "बाळा, आता हे कशाला?" मला नीट उत्तर देता आलं नाही. नकाशा पूर्ण केला आहे. गिरणीसकट सोळा घरं आली. दोन घरांबद्दल आजींची आणि माझी आठवण जुळत नाही. ती तुटक रेघेनं दाखवली आहेत.